पहिली झोप अमिनाबीची

नंदुरबारला मी राहायला आले त्या दिवशी, भर दुपारी, माझ्या खोलीत एक अनोळखी बाई घोरत होती.

मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी आले होते. सामान म्हणजे एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि आईनं बांधून दिलेली गादी. घागर घेऊन विहिरीवर गेले, दार उघडंच टाकलं, ही चूक माझी. परत येऊन बघते तर गादी पसरलेली, गादीवर हिरव्या ओढणीतली एक धिप्पाड बाई उताणी पडलेली आणि तिच्या घोरण्यानं कौलं हलतील की काय अशी अवस्था. ओरडावं की पळावं ते मला ठरवता येईना. तेवढ्यात बाईनं एक डोळा उघडला, मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमना कापूस मरी जायेल शे. सकायले लई या, मी जित्ता करी देसू."

एवढं बोलून ती उठली, ओढणी सारखी केली आणि आपल्याच घरातून निघाल्यासारखी निघून गेली.

ही अमिनाबी पिंजारीण. माझी खोली शाळेच्या मागच्या अंगाला होती आणि शाळेची मागची भिंत तिच्या अंगणाला लागून होती. कापूस पिंजायचा आणि त्याच्या गाद्या, रजया, उशा भरायच्या हा तिचा धंदा. त्या धंद्यात तिचा एक नियम होता: गादी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची तर आधी तिच्यावर आपण एक झोप काढायची. नुसतं पडून बघायचं असं नव्हे, चांगलं घोरायचं. "डोयाले दिखस नही, ते पाठले समजस," असं ती म्हणायची. जागा माणूस अंग आखडून असतो, त्याला काही कळत नाही. झोपलेली पाठ सैल पडते आणि तिला राईएवढा गठ्ठाही टोचतो, हे तिचं शास्त्र. गठ्ठा टोचला की ती ताडकन उठायची आणि शिवण उसवायला घ्यायची. नाही टोचला, तर सावकाश डोळे उघडून म्हणायची, "कापूस बठना. उचला." म्हणजे कापूस बसला, आता न्या.

त्यामुळे गावातला कितीही मोठा माणूस गादी न्यायला आला तरी त्याला तिच्या ओट्यावर ताटकळत बसावं लागे. आत अमिनाबी घोरते आहे आणि बाहेर एखादे वकीलसाहेब टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेत, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल. तक्रार कुणी करत नसे, कारण तिनं भरलेल्या गादीवर निजलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच चेहऱ्यानं उठतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिला तोंडावर 'खाला' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. पण आठवते तेव्हा ती 'ती'च असते, त्याला माझा इलाज नाही.

नवरा हसन पिंजारी कापूस छातीत भरून खोकत खोकत गेला, तेव्हा तिची मुलगी सकिना सात-आठ वर्षांची होती. दिरांनी सांगितलं, बाईनं टाके घालावेत, पिंजणाला हात लावू नये. पिंजण म्हणजे पुरुषभर उंचीची कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि त्या तातेवर लाकडी ठोकळा मारायचा. अमिनाबीनं दिरांचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला पुन्हा टंग-टंग-टाँव ऐकू आलं. दाराला तिनं बारदानाचा पडदा लावला. पुरुष गिऱ्हाइकाशी ती पडद्याआडूनच बोलायची, डोक्यावरची ओढणी ढळू द्यायची नाही. मात्र आवाज स्टेशनपर्यंत पोचायचा.

कापूस उडायचा तो मात्र पडदा मानत नसे. तो आमच्या वर्गात यायचा, माझ्या आमटीत पडायचा. मुलींच्या वेण्या दुपारपर्यंत म्हाताऱ्या व्हायच्या. पिंजणाच्या ठेक्यावर मुली पाढे म्हणू लागल्या तेव्हा मी आधी रागावले, मग पाहिलं की पाढे पटपट पाठ होतायत, आणि गप्प बसले. एकदा साहेब तपासणीला आले. त्यांनी एका मुलीला तेराचा पाढा विचारला. पोरगी तेरा पंचे पासष्टपर्यंत धडाधड आली आणि तिथं अडली. आणि भिंतीपलीकडून टंग असा ठोका पडला, पाठोपाठ खणखणीत आवाज आला, "तेरा सक अठ्ठ्याहत्तर!"

साहेब हसले म्हणून मी वाचले. अमिनाबीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आमच्या मुलींचं ऐकून ऐकून तिला तीसपर्यंतचे पाढे येत होते. "इतली सालं झाई, मन्हीबी शाळा व्हयनी ना," असं ती मला नंतर ऐटीत म्हणाली.

आता गाठोड्याची गोष्ट. पिंजाऱ्यांच्यात एक रीत होती. कुणाचाही कापूस पिंजला की त्यातली एक मूठ पिंजणाऱ्याची. सकिना जन्मली त्या दिवशी हसन पिंजाऱ्यानं पहिली मूठ एका गाठोड्यात टाकली आणि सांगितलं, हिच्या निकाहची गादी ह्या मुठींची. विकतचा कापूस त्यात घालायचा नाही, कुणी दिलेला घालायचा नाही. नवरा गेला, गाठोडं राहिलं. अमिनाबीच्या आयुष्यात दुसरी कुठली हाव मी पाहिली नाही. सकिनाची मुठीची गादी व्हावी, ही एकच. पण गाठोडं भरेल तर ना! कुणाच्या म्हाताऱ्याला थंडी भरली, घाल त्यातलं रजईत. मौलवींची उशी चेपली, काढ दोन मुठी. सकिना हाताची चपळ, तोंडाची त्याहून. गाठोडं भिंतीला टेकवून ती कोळशानं त्याच्या उंचीची रेघ मारून ठेवायची. एक रेघ वर, तर पुढची दोन खाली. ती भिंत बघून मला हसू यायचं आणि सकिनाला रडू.

"अम्मी, मन्ही गादी तू गावले वाटी ऱ्हायनी. मी काय बारदानवर झोपसू?"

अमिनाबी हसायची. ती हसायला लागली की आधी खांदे हलायचे, मग पोट, मग पिंजण, आणि शेवटी ओट्यावर बसलेलं गिऱ्हाईक.

रनाळ्याच्या तापीमाय तिच्या आयुष्यात आल्या त्या अशा हसण्यावारीच. तापीमाय म्हणजे तिथल्या मोठ्या शेतकरी घराण्यातलं सत्तरीचं माणूस, उंची चार फूट, दरारा सगळ्या गावावर. नात यमुना हिच्या लग्नासाठी त्यांनी गादी भरायला टाकली होती आणि ती न्यायला, सोवळं सांभाळत, बैलगाडीतून स्वतः आल्या. ओट्यावर बसायची सवय त्यांना नव्हती. त्या तडक पडदा सारून आत गेल्या. ओरडा ऐकून मी मागच्या भिंतीवरून डोकावले.

"ए बाई! मन्ही नातनी गादीवर तू काय करी ऱ्हायनी?"

"काम करी ऱ्हायनू, माय. जरासं थांबा," अमिनाबी डोळे न उघडता म्हणाली.

"बठ्ठा कापूस बाटाडी टाका! फाड ती गादी!" सगळा कापूस हिनं बाटवला, असं त्यांचं म्हणणं.

आता मात्र अमिनाबी उठून बसली. घाबरलेली मुळीच नव्हती. "फाडसू ना, माय. पन पहिले तुम्ही पाठ टेकी देखा. गठ्ठा सापडना तर मीच फाडसू."

तापीमायना काय वाटलं कोण जाणे. गठ्ठा शोधून हिची खोड मोडू असंच वाटलं असणार. त्या रागारागानं गादीवर आडव्या झाल्या. उजवीकडे वळल्या, डावीकडे वळल्या, गठ्ठा शोधू लागल्या. शोधता शोधता त्यांचा एक पाय सैल पडला. मग दुसरा. थोड्या वेळानं मी पाहिलं तर चार फुटांच्या त्या बाई अमिनाबीच्या तोडीचं घोरत होत्या आणि अमिनाबी बाजूला बसून त्यांच्यावरच्या माशा वारत होती. गाडीवान बाहेर बैल सोडून बिडी ओढत बसला. ऊन उतरल्यावर तापीमाय उठल्या, लुगडं झटकलं आणि कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, "झोपले कसानं सोवयं?"

त्यांनी त्या घरचं पाणी त्या दिवशी घेतलं नाही आणि पुढंही कधी घेतलं नाही. पण त्यानंतर बाजाराच्या दिवशी त्या काहीतरी निमित्त काढून यायच्या, भरून ठेवलेल्या कुणाच्याही गादीवर तासभर लवंडायच्या, आणि दोघी मिळून तो कापूस कसा आहे यावर भांडायच्या. मोहल्ल्यात म्हणायचे, अमिनाबीनं नोकर ठेवलाय.

सकिनाचं लग्न विसरवाडीच्या एका शिंप्याशी ठरलं. रोजे लागायच्या आत निकाह करायचा होता. भिंतीवरची रेघ कधी नव्हे ती खिडकीला भिडली होती, अजून चार मुठी आणि गादी झाली असती. सकिना आईवर डोळ्यात तेल घालून पहारा करत होती. आणि त्याच थंडीत यमुना बाळंतपणाला नंदुरबारात नातेवाइकांकडे आली, दाईच्या देखरेखीखाली राहावं म्हणून, आणि सातव्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगा. वीतभर. दाई म्हणाली, ह्याला पिंजलेल्या कापसात ठेवा, तरच जगेल. बाजारात कापसाच्या राशी होत्या, पण सगळा सरकीचा, न पिंजलेला. तापीमायनी गाडीवानाला अमिनाबीकडे पिटाळलं.

मी तेव्हा वर्गात होते. खिडकीतून दिसलं ते असं. अमिनाबी, जी शेजारच्या माझ्या खोलीपलीकडे कधी गेली नव्हती, ती भर बाजारातून डोक्यावर गाठोडं घेऊन पळतेय, ओढणी खांद्यावर, गाठोड्याची गाठ सुटलेली, मागं रस्ताभर कापसाची रेघ, त्या रेघेमागं कुत्री, त्यांच्या मागं पोरं आणि सगळ्यांच्या मागं सकिना, "अम्मी, गाठ! अम्मी, गाठ बांध!" असं ओरडत. माझा वर्ग बाकांवर चढून टाळ्या पिटत होता. बाळाचं मला नंतर कळलं.

बाळाला त्या कापसात असं ठेवलं की नुसतं नाक दिसे. ओला झाला की कापूस बदलायचा, भिजलेला फेकून द्यायचा. अमिनाबी रोज जायची आणि येऊन हात उडवून सांगायची, आज उशीएवढी गादी गेली, आज तक्क्याएवढी. महिन्याभरात बाळ रडायला लागलं, चांगलं ठणठणीत, आणि गाठोडं संपलं. सकिनानं भिंतीशी जमिनीलगत एक रेघ मारली आणि कोळसा फेकून दिला.

"मन्ही सकिनाना पहिले यानीच झोप काढी लिधी गादीवर," अमिनाबी म्हणाली आणि हसली. पण ह्या वेळी पिंजण हललं नाही. निकाहला तीन आठवडे उरले होते.

तापीमाय आल्या त्या दोन गाड्या कापूस घेऊन. रनाळ्याचा, पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र. अमिनाबीनं त्यात हात घातला, डोळे मिटले, वा म्हणाली आणि हात बाहेर काढला. "नको, माय. सकिनानी गादी मुठनी शे. दिधेल कापूस तिनामा घालाव नही."

तापीमाय चिडल्या, समजावून पाहिलं, शिव्या दिल्या. सकिनानंही आईला चार शब्द सुनावले. उपयोग नाही. मेलेल्या नवऱ्याचा शब्द होता. शेवटी तापीमाय काठी आपटत गाडीत चढल्या. चढताना म्हणाल्या, "मंग तुन्ही मूठ कितली मोठी शे ते देखसू!"

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढचा रस्ता बंद झाला. रनाळ्याहून गाड्यांमागून गाड्या येत होत्या आणि प्रत्येक गाडीत जुन्या गाद्या, रजया, तक्के, पाळण्यातल्या दुपट्यांपर्यंत सगळं. तापीमायनी गावात फर्मान सोडलं होतं: झाडून सगळ्यांनी आपला कापूस पिंजून घ्यायचा, आत्ताच. नियमाप्रमाणे प्रत्येकातली एक मूठ पिंजारणीची. रनाळं अख्खं जमिनीवर निजत होतं म्हणे, आणि कण्हत होतं.

पुढचे पंधरा-सोळा दिवस मी आयुष्यात विसरायची नाही. अख्खा पिंजारवाडा कामाला लागला, दीरसुद्धा आले. शाळेच्या अंगणात कापूस, विहिरीच्या काठावर कापूस, शेळ्या पांढऱ्या, कोंबड्या पांढऱ्या, मौलवींची दाढी होती त्याहून पांढरी. आणि अमिनाबीचा नियम तर मोडायचा नव्हताच. भरलेल्या प्रत्येक गादीवर पहिली झोप तिची! सकाळी तीन झोपा, दुपारी चार. लोक तिला एका गादीवरून उठवून दुसरीवर नेऊन ठेवत. ती अर्धवट झोपेतच चालायची, अर्धवट झोपेतच "बठना, उचला" म्हणायची. तापीमाय मदतीला झोपत होत्याच. मी आणि सकिना भिंतीवर रेघा मारत होतो. शेवटची रेघ खिडकीच्या वर गेली त्या दिवशी सकिनानं मला उचलून गरगर फिरवलं, मी तिच्या मास्तरणीच्या जागी असून.

निकाहच्या आदल्या दिवशी गादी शिवून झाली. लाल खोळ, काठाला दुहेरी टाके. पण तिच्यावर झोपायला सवड मिळाली ती निकाह लागल्यावर, जेवणं उरकल्यावर. विसरवाडीहून वऱ्हाड भाड्याच्या मोटारीतून आलं होतं. गादी टपावर चढवायची आणि निघायचं. नवऱ्या मुलाचे मामू घाई करत होते, "सूरज देखो, सूरज!" ड्रायव्हर भोंगा दाबत होता. पण गादी झोपेशिवाय द्यायची कशी?

अमिनाबी अंगणात गादीवर आडवी झाली. आणि तिला झोप येईना! पंधरा दिवस झोपून झोपून तिची झोप शिल्लकच राहिली नव्हती. ती ह्या कुशीवर वळली, त्या कुशीवर वळली, आणि तिचं तिलाच हसू यायला लागलं. मौलवी म्हणाले, सगळ्यांनी गप्प बसा. मग काय विचारता! वऱ्हाड भिंतीला टेकून श्वास धरून बसलं. ड्रायव्हरच्या भोंग्यात कुणीतरी कापूस कोंबला. शेळ्यांना बाहेर नेलं. मामू तोंडावर बोट ठेवून कोंबड्यांच्या मागं चवड्यांवर धावत होते. तापीमायना खोकला आला, तो त्यांनी पदरात गिळला. अमिनाबी टक्क जागी.

तेव्हा घरातून सकिना आली, लाल कपड्यांत, हातभर मेंदी. कुणाकडे न बघता ती आईजवळ गेली आणि म्हणाली, "अम्मी, सरक."

ती आईच्या कुशीत शिरली. अमिनाबीनं तिच्यावर हात टाकला. आणि आम्ही बघत असताना दोघी घोरायला लागल्या, आई खर्जात आणि मुलगी वरच्या पट्टीत. सगळे हसू दाबून लालेलाल झाले.

बऱ्याच वेळानं अमिनाबीनं डोळे उघडले. सकिना अजून झोपलेली होती. अमिनाबी तिच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात, तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, म्हणाली, "डावी बाजूले गठ्ठा शे. उसवनी पडी. सकाय या." म्हणजे उसवावी लागेल, उद्या या.

अंगणात एकच गलका झाला. मामूंनी गादी दाबून पाहिली. दिरांनी पाहिली, आणि ते जातीचे पिंजारी. गठ्ठा कुठंच नव्हता. अमिनाबी मान वर करीना. शे म्हणजे शे, एवढंच म्हणत होती. कापूस खोटं बोलस नही, असं उठता-बसता सांगणारी ती बाई, आणि तिला धड खोटं बोलताही येत नव्हतं.

तापीमाय पुढं झाल्या. काठी बाजूला ठेवून डाव्या बाजूला आडव्या झाल्या. डोळे मिटले. ह्या वेळी त्या घोरल्या नाहीत. मग उठून बसल्या आणि ज्या हाताचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अमिना, गादी चांगली शे. गठ्ठा नही. पोरले जाऊ दे."

अमिनाबीनं ओढणीनं नाक पुसलं. सकिनाला हलवून उठवलं, तिच्या केसांत अडकलेला कापूस काढला.

"कापूस बठना," ती म्हणाली. "उचला."

मोटार निघाली तेव्हा भोंगा वाजेना, आणि हसता हसता सगळे रडत होते. मीही त्यात होते.

दुसऱ्या वर्षी माझी बदली झाली. टांग्यात सामान चढवलं आणि निरोप घ्यायला अमिनाबीच्या दाराशी गेले. ओट्यावर एक गुजराती शेठजी आपली गादी न्यायला येऊन बसले होते. मला बघताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. बारदानाचा पडदा वाऱ्यानं सरकला होता. आत ती हिरव्या ओढणीत उताणी झोपली होती. भिंतीशी गाठोडं होतं, थोडंसंच भरलेलं, आणि त्याच्याशेजारी एक नवी, वाकडी रेघ होती. ती तिनं स्वतः मारलेली असणार, कारण सकिना विसरवाडीला होती आणि तिचे दिवस भरत आले होते. माझ्यासाठी ती जागी झाली असती. पण गादीची तपासणी अर्धवट राहिली असती, आणि ते मला जमलं नाही.

मी टांग्यात बसले आणि टांगेवाल्याला म्हटलं, वळणापर्यंत घोडा हळू चालव. गल्लीच्या वळणापर्यंत तिचं घोरणं मला ऐकू येत होतं.